दर उन्हाळ्यात गाडीचा एसी गरम हवा का फेकतो? ‘गॅस संपला’ म्हणण्याआधी तपासायच्या गोष्टी

सोलापुरात मार्च सरला की गाडीच्या एसीबद्दलच्या तक्रारी हमखास सुरू होतात आणि त्यांचे निदान बहुधा एकाच वाक्यात उरकले जाते: ‘गॅस संपलाय, भरून टाका.’ माझ्या गाडीच्या बाबतीत लागोपाठ तीन उन्हाळे हेच घडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गॅस भरायचा, महिना-दीड महिना गाडी थंडगार राहायची आणि मे संपता संपता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून दुपारी घरी परतताना जाळीतून पुन्हा कोमट हवा यायची. त्यानंतर पावसाळा आणि हिवाळा खिडक्या उघड्या ठेवून निभावून जात असल्यामुळे तक्रार विसरली जायची आणि पुढच्या एप्रिलला तोच खर्च नव्याने करावा लागायचा. चौथ्या वर्षी खरा दोष सापडला, आणि तोही अशा ठिकाणी, जिथे तिन्ही वेळा कारागिराचा हात प्रत्यक्ष पोहोचला होता. ज्यांच्या गाडीत हाच प्रकार वर्षानुवर्षे चालला आहे, त्यांच्यासाठी ही तपासणी मी केली त्या क्रमाने लिहीत आहे.

एसीचा गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नाही, ही गोष्ट आधी नीट लक्षात घ्यायला हवी. एसीची यंत्रणा म्हणजे सर्व बाजूंनी बंद असलेला एक फेरा आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायुरूप गॅस दाबतो आणि त्यामुळे तो तापतो. हा तापलेला गॅस गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाऊन आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देतो आणि द्रवरूप होतो. तो द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताच त्याचा दाब कोसळतो, आणि डॅशबोर्डच्या पोटात दडलेल्या इव्हॅपोरेटरमध्ये, ज्याला गॅरेजात सर्रास कूलिंग कॉइल म्हणतात, तो उकळून पुन्हा वायू होताना ब्लोअरच्या हवेतली उष्णता शोषून घेतो. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या साध्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. या संपूर्ण फेऱ्यात तो कुठेही खर्च होत नाही. रबरी होजमधून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपतो, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या गाडीचा गारवा थोडा उणावला तर ते वयोमानाप्रमाणे झाले असे म्हणता येईल. परंतु दोन महिन्यांत गारवा जात असेल तर गळती आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत गॅस भरत राहणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे आहे.

तरीही गारवा नसण्याची प्रत्येक तक्रार गॅसची नसते. म्हणून गॅरेजात जाण्यापूर्वी घराच्या अंगणात पंधरा-वीस मिनिटे खर्च करावीत, आणि त्याआधी आपली अपेक्षा वाजवी आहे का तेही पाहावे. बाहेर ४२-४३ अंश असताना सात रस्ता चौकात दोन तास उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या आतले तापमान साठीच्या घरात गेलेले असते. अशा गाडीत बसून काचा लावून एसी सुरू केला तर पहिली दहा मिनिटे तो केवळ तापलेल्या सीट आणि डॅशबोर्डशी झुंजत राहतो. आधी चारही काचा उघडून मिनिटभर गाडी चालवावी, आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारे बटण, म्हणजे गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेले, दाबावे. हे बटण बंद राहिल्यामुळे ४३ अंशांची बाहेरची हवा सतत आत ओढली जाते आणि निरोगी एसीही अपुरा वाटतो. माझ्या ओळखीतल्या निदान दोन गाड्यांचा ‘बिघाड’ या एका बटणाने दुरुस्त झाला आहे.

अंदाजापेक्षा आकडा बरा, म्हणून एक स्वस्त डिजिटल तापमापक ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावा. गाडी सावलीत उभी करून एसी पूर्ण थंडीवर, ब्लोअर मध्यम वेगावर आणि आतली हवा फिरती ठेवून तापमापकाची कांडी मधल्या जाळीत खोचावी आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड हजाराच्या आसपास ठेवून दहा मिनिटांनी आकडा पाहावा. सकाळी ३० अंशांच्या हवेत ६ ते ९ अंश आणि चाळिशीच्या दुपारी १० ते १४ अंश मिळाले, तर यंत्रणा ठीक आहे असे ढोबळमानाने समजावे. विसाच्या वर आकडा राहिला तर दोष नक्की आहे. हा आकडा बाहेरच्या तापमानासह लिहून ठेवावा, कारण दुरुस्तीनंतर तुलना करायची ती याच्याशी.

यानंतर हवा कमी येते की हवा भरपूर येते पण थंड नसते, हा फरक करावा. हवाच कमी असेल तर पहिला संशयित ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवलेला केबिन फिल्टर असतो. माझी गाडी दिवसभर टॉवेलच्या कारखान्याच्या आवारात उभी असते. मागांवरून उडणारी सुताची तूस तिथे हवेत सतत तरंगत असते. पहिल्यांदा तो फिल्टर ओढून बाहेर काढला तेव्हा कागदाच्या घड्या दिसतच नव्हत्या; त्यांच्यावर बोटभर जाडीची करडी, मऊ गादी बसली होती आणि ती नखाने धरून ओढली तर एकसंध निघून आली. उत्पादक साधारण दहा ते पंधरा हजार किलोमीटरला फिल्टर बदलायला सांगतात, पण सोलापूरच्या धुळीत तो दर मार्चमध्ये काढून पाहणे शहाणपणाचे आहे. काही जण फिल्टर काढून टाकून गाडी तशीच चालवतात. त्याने हवा तात्पुरती वाढते खरी, परंतु धूळ थेट ओल्या कूलिंग कॉइलवर बसते, तिचा चिखल होतो आणि तो काढण्यासाठी पुढे अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

हवा जोरात येत असूनही गरमच असेल, तर बोनेट उघडून कॉम्प्रेसरकडे वळावे. हात, ओढणी किंवा शर्टाची बाही पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवावी. रेडिएटरचा पंखा कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होऊ शकतो. दुसऱ्या माणसाला आतून एसीचे बटण दाबायला सांगावे. क्लच (गिअरचा नव्हे, तर कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारा-तोडणारा चुंबकीय क्लच) असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये ‘टक्’ असा आवाज होऊन पुलीच्या पुढची चकती पुलीबरोबर फिरू लागते. चकती स्थिरच राहिली तर फ्यूज पाहावा आणि त्याच क्रमांकाचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, हॉर्नसाठी वापरला असेल तर दोन्हींची अदलाबदल करून पाहावी. मात्र गॅस फारच उतरला असेल तर दाब मोजणारा स्विच कॉम्प्रेसरला मुद्दाम सुरू होऊ देत नाही, कारण गॅसबरोबरच वंगणाचे तेल फिरत असते आणि गॅसविना फिरलेला कॉम्प्रेसर आतून जाम होतो. तेव्हा कोणी त्या स्विचला वायर जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवून दाखवू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे. अनेक नव्या गाड्यांत क्लचच नसतो; तिथे आवाजाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

क्लचचा एक चकवा इथेच सांगितला पाहिजे. सकाळी एसी उत्तम चालतो, दुपारी अर्ध्या-पाऊण तासाने एकाएकी गरम हवा येते, गाडी थंड झाली की पुन्हा सर्व सुरळीत होते, आणि गॅस मोजला तर पूर्ण भरतो. अशा वेळी क्लचची चकती झिजून तिच्यातली फट वाढलेली असू शकते, जी इंजिन तापल्यावर क्लचच्या चुंबकाला ओढवत नाही. हे काम अनेकदा एक पातळ वॉशर काढून भागते, आणि तरीही यासाठी कॉम्प्रेसर बदलून दिल्याची उदाहरणे ऐकायला मिळतात. याच लक्षणाचे दुसरे कारण म्हणजे इंजिन स्वतःच तापणे. कूलंट कमी असेल आणि काटा चढत असेल, तर गाडीचा संगणक इंजिन वाचवण्यासाठी एसी आपणहून तोडतो. एसीची तक्रार करताना तापमानाच्या काट्याकडे कोणी पाहत नाही.

गारवा नेमका कधी जातो, हा माझ्या मते सर्वांत उपयुक्त प्रश्न आहे, आणि गाडीचा मालकच त्याचे उत्तर देऊ शकतो, कारण गॅरेजात गाडी जेमतेम दहा मिनिटे चालू असते. पुणे महामार्गावर मोहोळपर्यंत गाडीत गारठा असतो, आणि परतताना शहरात शिरून सिग्नलला उभे राहिले की हवा कोमट होते, असे घडत असेल तर गॅसपेक्षा कंडेन्सरवर वारा न पडणे हेच कारण संभवते. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. एसी सुरू केल्यावर थोड्याच वेळात पंखा जोमाने फिरायला हवा. तो मलूल फिरत असेल तर मोटरचे कार्बन झिजलेले असू शकतात, आणि कमी गतीवर फिरतच नसेल तर त्या गतीसाठी असलेला रेझिस्टर जळालेला असू शकतो. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्यास पंखा उलटा फिरतो आणि हवा ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. हे पाहायला गाडीच्या नाकावरच्या जाळीवर कागदाचा कपटा धरला तरी पुरते.

पंखा ठीक असूनही कंडेन्सर तुंबलेला असू शकतो, आणि आपल्या भागात तो तुंबण्याची कारणे काही कमी नाहीत: काळ्या मातीची बारीक धूळ, गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे उडणारे पाचट, ज्वारीच्या मळणीचा भुसा आणि माझ्यासारख्याच्या नशिबी सुताची तूस. वरून पाहता कंडेन्सर स्वच्छ दिसतो. खरी गादी साचते ती कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत. समोरून पाण्याचा जोरदार फवारा मारला तर ती अधिकच आत ठासली जाते आणि पातळ पत्र्याच्या पापण्या वाकून उरलासुरला वाराही बंद होतो. शक्य असल्यास वरची पट्टी सोडून पाणी आतून बाहेर, म्हणजे रेडिएटरच्या बाजूकडून पुढे, हलक्या धारेने सोडावे. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास पापण्यांवर पांढरे क्षार धरतात, म्हणून शेवटचे पाणी तरी नळाचे असावे.

कंडेन्सरचा दोष आहे की नाही हे ठरवण्याची एक जुनी युक्ती मला फार आवडते, कारण तिला कोणतेही यंत्र लागत नाही. गाडी उभी, एसी चालू आणि जाळीत तापमापक असताना गाडीच्या नाकावरच्या जाळीतून कंडेन्सरवर एक बादली साधे पाणी सावकाश तांब्याने ओतावे. (एकच बादली, सोलापूरच्या उन्हाळ्यात पाइप लावून गाडी धुण्याची चैन कोणाला परवडते?) आतला आकडा भराभर चार-पाच अंशांनी उतरला, तर गॅस आणि कॉम्प्रेसर यांची बाजू बहुतांशी शाबूत आहे आणि वाऱ्याची बाजू लंगडी आहे. चौथ्या वर्षी मी ही परीक्षा घेतली तेव्हा आकडा २४ वरून जेमतेम २३ झाला. त्याच वेळी इंजिनाच्या खोलीतल्या एसीच्या दोन नळ्या पाहिल्या: जाड नळी हाताला थंड लागून तिला घाम फुटायला हवा होता, ती नुसती कोमट होती, बारीक नळी चटका बसेल इतकी तापायला हवी होती, तीही जेमतेम ऊन होती. या दोन गोष्टी एकत्र दिसल्यावर गॅस कमी असल्याचा संशय रास्त ठरतो.

पुढे जाण्यापूर्वी आणखी दोन लक्षणे थोडक्यात सांगतो. पहिली पंचवीस-तीस मिनिटे उत्तम गारवा, मग हवेचा जोर ओसरत जाणे आणि एसी दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवल्यावर पुन्हा सर्व पूर्ववत होणे, याचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ धरत आहे. तिथे तिच्या तापमानाचा सेन्सर तपासावा. हा प्रकार हवेतल्या बाष्पामुळे कोरड्या मे महिन्यापेक्षा पावसाळ्यात अधिक होतो. याच कारणाने गाडीखाली पाणी ठिबकते का हे पाहण्याचा मुंबईकरांचा सल्ला आपल्याला उन्हाळ्यात लागू पडत नाही, कारण आपल्या हवेत बाष्पच इतके कमी असते की निरोगी एसीही थेंबभरच पाणी सोडतो. दुसरे लक्षण म्हणजे डॅशबोर्डमधून ‘टकटक’ आवाज येणे आणि थंडीचे बटण फिरवूनही फरक न पडणे. अशा वेळी गरम आणि थंड हवा मिसळणारी झडप अडकलेली असते किंवा तिची छोटी मोटर गेलेली असते, आणि गॅसचा तिथे काहीही संबंध नसतो.

आता गॅसकडे येऊ. गॅरेजात गेज, म्हणजे दोन्ही नळ्यांतला दाब दाखवणारे काटे, लावतात तेव्हा मालकाने शेजारी उभे राहून काटे वाचावेत. त्यात अवघड काही नाही. इंजिन बंद असताना दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात, आणि आर-१३४ए असलेल्या गाडीत ३५ अंशांच्या हवेत तो आकडा साधारण ११५ पीएसआय असतो. पण ‘प्रेशर बरोबर आहे, म्हणजे गॅस भरलेला आहे’ असा निष्कर्ष यावरून निघत नाही. घरातल्या सिलिंडरमध्ये गॅस शेवटच्या टप्प्यावर आला तरी दाब जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणूनच तो वजन करून पाहतात. तोच नियम इथेही आहे. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी उभ्या गाडीचा दाब प्रमाणाबद्दल काही सांगत नाही. इंजिन चालू केल्यावर मात्र काटे बोलू लागतात. चाळिशीच्या दुपारी बारीक नळीचा काटा २५० ते ३०० आणि जाड नळीचा ४० ते ५० पीएसआयच्या आसपास असणे समाधानकारक म्हणता येईल. दोन्ही आकडे खूप खाली असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही खूप वर असतील तर गॅस जास्त भरला आहे, आत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सरला वारा नाही. जाड नळीचा दाब चढलेला आणि बारीक नळीचा उतरलेला असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे. आणि जाड नळीचा काटा शून्याच्याही खाली जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबला आहे किंवा आतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन तिथे अडकतो आहे. माझ्या गाडीचे दोन्ही आकडे खाली होते.

गळती शोधण्यासाठी आधीच्या तिन्ही वर्षी व्हॅक्यूमची चाचणी घेतली गेली होती आणि तिन्ही वेळा गाडी उत्तीर्ण झाली होती. पंपाने आतली हवा ओढून घेऊन, म्हणजे व्हॅक्यूम काढून, पंप बंद करायचा, वीस मिनिटे काटा हलतो का पाहायचे, आणि हलला नाही तर गळती नाही असे मानून गॅस भरायचा, अशी ती पद्धत. तिच्यात दोन उणिवा आहेत. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलली जाते ती फार तर १४-१५ पीएसआयच्या जोराने. चालू एसीत गॅस बाहेर ढकलला जातो तो त्याच्या अनेक पटींनी अधिक जोराने. सांध्यातली जी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, आत ओढली गेल्यावर घट्ट बसते तीच बाहेर ढकलली गेल्यावर सोडू शकते. दुसरी उणीव मला विजापूर वेशीजवळच्या एका जुन्या गॅरेजातल्या वयस्कर मिस्त्रींनी दाखवली. मी त्यांना म्हणालो, “चाचा, तीनदा तपासली, लिकेज सापडत नाही.” त्यांनी गेजला हातही लावला नाही. बोनेट उघडून जाड नळीवरच्या गॅस भरायच्या तोंडाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “मालक, हिचं टोपण कुठंय? गेज लावलं की हीच जागा झाकली जाते, मग लिकेज दिसणार कसं?”

त्या तोंडात सायकलच्या ट्यूबमधल्यासारखी एक बारीक पिन असते. गेजची कपलिंग बसली की ती दाबली जाते आणि कपलिंग काढली की स्प्रिंगने वर येऊन तोंड बंद करते. टोपण हे केवळ धूळ अडवण्यासाठी नसते; त्याच्या आत रबरी चकती असते आणि पिनेने थोडे सोडलेच तर ती अडवते. माझ्या गाडीचे टोपण कोणत्या वर्षी हरवले ते सांगता येत नाही, पण उघड्या तोंडात धूळ आणि तूस बसत गेली असावी, आणि दर वर्षी गॅस भरताना तीच पिन दाबून तीच घाण तिच्या बैठकीवर आणखी रेटली गेली असावी. चाचांनी वाटीत भांड्याचा साबण फेटला आणि बोटाने एक थेंब त्या तोंडावर सोडला. काही क्षण काहीच झाले नाही. मग थेंबाच्या मधोमध मोहरीएवढा फुगा उमटला, तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, हरभऱ्याएवढा झाला आणि फुटला. त्याच जागी दुसरा येऊ लागला. एका फुग्याला सुमारे अर्धे मिनिट लागत होते. घरी येऊन मी हिशेब केला: अर्ध्या मिनिटाला हरभऱ्याएवढा वायू म्हणजे दिवसाला साधारण पाऊण लिटर, वजनात सुमारे तीन ग्रॅम, आणि दोन महिन्यांत पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम. माझ्या गाडीच्या बोनेटखालच्या स्टिकरवर एकूण गॅस ४३० ग्रॅम असा छापलेला आहे. मे अखेरीस गारवा का जायचा याचे कोडे त्या आकडेमोडीने सुटले.

दुरुस्ती किरकोळ होती. उरलेला गॅस यंत्राने काढून घेतला, दोन्ही तोंडांच्या पिना बदलल्या आणि नवी टोपणे बसवली. या पिना एसीसाठीच बनवलेल्या असाव्या लागतात, टायरच्या पिना दिसायला सारख्या असल्या तरी त्या चालत नाहीत. नंतर यंत्रणेत नायट्रोजन भरला आणि गेज पूर्ण काढून घेतल्यावर दोन्ही तोंडे, सांधे आणि कंडेन्सरचे कोपरे साबणाच्या पाण्याने पाहिले. तेलकट डागावर चिकटलेली काळी धूळ ही गळतीची जुनी खूण आहे, त्यामुळे अशा प्रत्येक डागावर थेंब टाकला. जिथे साबण पोहोचत नाही अशा कूलिंग कॉइलच्या गळतीसाठी गॅसमध्ये चमकणारा रंग घालून निळ्या-जांभळ्या दिव्याने पाणी बाहेर पडणाऱ्या नळीशी पाहतात, किंवा तिथे इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरतात. माझ्यावर ती वेळ आली नाही. नायट्रोजनऐवजी कंप्रेसरची साधी हवा भरून तपासणी करू देऊ नये, कारण तिच्यातला ओलावा आत राहतो. ऑक्सिजन तर तेलाशी भेटून स्फोट घडवू शकतो.

त्यानंतर पंचेचाळीस मिनिटे व्हॅक्यूम काढला. व्हॅक्यूमचे खरे काम गळती शोधणे हे नसून आतली हवा आणि ओलावा बाहेर काढणे हे आहे. एवढ्या कमी दाबाला पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत व्हॅक्यूम आटोपणाऱ्या ठिकाणी घाई म्हणून गाडी देऊ नये. गॅस वजनकाट्यावर मोजून ४३० ग्रॅमच भरला. जाळीतून बरी हवा आली की थांबायचे, ही पद्धत मला मान्य नाही, कारण अधिक गॅसनेही गारवा कमीच होतो. गळतीबरोबर तेलही गेलेले असते, म्हणून कॉम्प्रेसरवर लिहिलेल्या प्रकारचे थोडे तेल घालून घेतले. गॅसचा प्रकारही स्टिकरवर पाहावा. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, त्याची तोंडे वेगळ्या मापाची असतात आणि तो महाग असतो. ‘स्वस्तात दुसरा बसवून देतो’ म्हणणाऱ्याला नकार द्यावा. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे ज्वलनशील मिश्रण भरणारेही भेटतात. अपघातात ते पेट घेऊ शकते. गळती बुजवणारे तयार द्रव डब्यातून मिळतात, ते आत जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बुजवतात आणि गॅरेजची यंत्रेही बिघडवतात. स्वतः सांधा सैल करून गॅस सोडण्याचा मोह कोणी करू नये. उणे २६ अंशांचा फवारा बोटांची कातडी क्षणात गोठवतो आणि डोळ्यांत गेला तर कायमची इजा करतो.

थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवतो, म्हणजे तेल फिरून कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील कोरडे पडत नाही. पुढच्या मार्चमध्ये मुद्दाम गॅस काढून मोजला तेव्हा ४२० ग्रॅम भरला, आणि मे महिन्यात होटगी रोडवर ४२ अंशांच्या दुपारी जाळीतला आकडा १२ होता. यंदा मात्र सिग्नलला उभे राहिल्यावर तो १७ पर्यंत चढतो आणि गाडी चालू लागली की उतरतो. बादलीची परीक्षा घेतली, चार अंशांचा फरक पडला. टोपणे दोन्ही जागेवर आहेत. या रविवारी पंख्याचा कमी गतीचा रेझिस्टर उघडून पाहायचा आहे.